तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला टीव्हीवरून काढलेलं नाही

सोलापूरला आले की हा प्रश्न ठरलेला. नव्या पेठेत साडी बघत असले तरी, लग्नात पंगतीला बसले तरी, आणि परवा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. "आता दिसंनास की गं टीव्हीवर, काढलं का काय तुला?" काहीजण जरा सभ्यपणे विचारतात, अ‍ॅक्टिंग सोडून डिरेक्शनकडं कशा वळलात मॅडम, पण आतला अर्थ तोच, काढलं का काय. मी आपली "नाही ओ, आता कॅमेऱ्याच्या मागं असते" म्हणून सटकते, कारण उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाहीये. आता बसलेय तर सांगतेच.

सुरुवात सगळ्यांची असते तशीच. कॉलेजच्या एकांकिका, मग राज्य नाट्य स्पर्धा, हुतात्मा स्मृती मंदिरात प्राथमिक फेरी, विंगेत घशाला कोरड, हे सगळं झालं आणि एक दिवस रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबईला गेले. कामं मिळाली. लीड नाही मिळाला, पण हिरोची बहीण, हिरोइनची मैत्रीण, घरातली धाकटी जाऊ, असं बऱ्यापैकी सलग मिळत गेलं, आणि इकडं आईला बाजारात लोक ओळखायला लागले, तेवढ्यावर घरचे खूश.

आता डेलीसोपमध्ये धाकट्या जावेचं मुख्य काम काय असतं माहितीये का? वाट बघणं. नऊचा कॉल, मेकअप, हेअर, साडी नेसून साडेदहाला तयार, आणि पहिला सीन लागतो चारला. बाकीचे मेकअप रूममध्ये मोबाईल घेऊन पडायचे, मी फ्लोअरवर जाऊन मॉनिटरच्या मागं स्टूल टाकून बसायचे. शिकायची तळमळ वगैरे काही नव्हती हं, तिथला एसी चांगला होता. पण रोज बघून बघून काहीतरी दिसायला लागतंच. मला दिसलं ते हे, की आपण सगळे अ‍ॅक्टर डायलॉगसाठी भांडतो, माझ्या ओळी कमी केल्या म्हणून रुसतो, आणि मालिका चालते मात्र ऐकणाऱ्याच्या तोंडावर. सासू बोलते तेव्हा एडिटर सुनेवर जातो. सुनेनं एक शब्द न बोलता नुसतं भांडं खाली ठेवलं तरी लोकांना कळतं आता उद्या काय होणार. आणि हे भांडं कधी ठेवायचं, ठेवताना कॅमेरा कुठं असायचा, हे ठरवणारा माणूस माझ्या पुढ्यातच बसलेला असायचा, एका हातात चहा, दुसऱ्या हातात सीनचे कागद.

हे मला इतकं पटकन का पटलं त्याचं कारण सोलापूरच असावं. आम्ही लहानपणी पूर्व भागाच्या कडेला राहायचो, शेजारी सगळी तेलुगू बोलणारी घरं, मागं एक कानडी, आणि आमच्या घरी मराठी. भांडणं तर रोज व्हायची, आणि भाषा येत नसताना आम्ही पोरं कठड्यावर बसून अख्खं भांडण समजून घ्यायचो. बोलणाऱ्याकडं बघून काही कळायचं नाही, तो नुसता ओरडतोय. दारात उभ्या राहिलेल्या त्याच्या बायकोकडं बघितलं की कळायचं चूक कुणाची आहे.

बरं, मग अ‍ॅक्टिंग का सोडलं? तर एक फोन आला. मी तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेली, आणि समोरून सांगितलं आईचा रोल आहे, खूप स्ट्राँग कॅरेक्टर आहे. म्हणलं मुलगा केवढा? तर मुलगा म्हणजे हिरो, आणि तो हिरो माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान. "केसांना थोडं पांढरं लावू ना मॅडम." मालिकेतल्या बाईचं असंच असतं, मैत्रीण, जाऊ आणि मग डायरेक्ट आई, मधली पंधरा वर्षं कुठं जातात कुणाला माहीत. चॅनेलचं नाव घेत नाही, सगळीकडं तेच आहे. मी नाही म्हणलं, आणि ज्या मालिकेत काम करत होते तिथल्याच डिरेक्टर दादांना विचारलं की मला असिस्ट करू द्याल का. ते आधी हसले. मग म्हणाले, पैसे अ‍ॅक्टरचे मिळणार नाहीत हं. मिळालेच नाहीत. जे मिळायचे ते पण नव्वद दिवसांनी, ही आमच्या धंद्याची रीतच आहे, काम आज करा आणि चेक तीन महिन्यांनी बघा.

लोकांना वाटतं मी काहीतरी जगावेगळं केलं. अहो, आपल्याकडं ही वाट जुनी आहे. रंगभूमीवरच्या नटी विजयाबाई मेहतांनी दूरदर्शनसाठी 'स्मृतिचित्रे' डिरेक्ट केलं. अमोल पालेकर ऐन नावाजलेले अ‍ॅक्टर, त्यांनी 1987 साली दूरदर्शनवर 'कच्ची धूप' केली. 1999 ला अल्फा मराठी, म्हणजे आताचं झी मराठी, सुरू झालं आणि घराघरात 'आभाळमाया' लागायला लागली, ती विनय आपटेंनी डिरेक्ट केलेली, आणि आपटे म्हणजे स्टेजवर नुसता आवाज लावला तरी शेवटच्या रांगेतला माणूस सरळ बसायचा असे नट. सतीश राजवाडेंनी तर 'असंभव' डिरेक्ट पण केली आणि त्यात काम पण केलं. ते सगळे मोठे लोक, मी त्यांच्या रांगेत नाही, पण वाट मळलेली होती एवढंच सांगायचंय.

पहिल्यांदा माझ्या हातात काय आलं तर सेकंड युनिट. म्हणजे मेन डिरेक्टर हॉलमध्ये मोठा ड्रामा काढतोय आणि मी मागच्या बेडरूममध्ये फोनवर बोलणाऱ्या नणंदेचे शॉट घेतेय. मग हळूहळू डायनिंग टेबल आलं, आणि तिथं माझी खरी परीक्षा झाली.

डायनिंग टेबलचा सीन बघायला एकदम सोपा वाटतो, सहा माणसं जेवतायत, त्यात काय. पण सहा माणसं म्हणजे सहा जणांचे लुक. कोण कुणाकडं बघून बोलतोय, कॅमेऱ्याच्या डावीकडं की उजवीकडं, हे एकदा चुकलं की एडिटला सासू सुनेशी बोलतेय आणि सून फ्रिजकडं बघतेय असं दिसतं. आधी मास्टर घ्यायचा, म्हणजे सगळे एका फ्रेममध्ये, मग एकेकाची सजेशन, म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून, मग क्लोज, म्हणजे नुसता चेहरा, आणि प्रत्येक वेळी ताटातली भाजी तेवढीच पाहिजे. मुरलेले आर्टिस्ट घास हातात घेऊन नुसते फिरवत राहतात, खात नाहीत. नवीन पोरगा असला की मास्टरला कडकडून भूक लागल्यासारखा पुरी तोडतो, आणि मग बिचाऱ्याला दुपारभर प्रत्येक टेकला त्याच ओळीवर गार पुरी खावी लागते. मी अ‍ॅक्टर असताना हे सोसलंय, त्यामुळं आता मास्टरच्या आधीच नवीन पोरांच्या कानात सांगते, बाळा, पाणी पी फक्त. आणि माझ्या सीनमध्ये जेवताना कुणीतरी "कोशिंबीर आणते" म्हणून उठून जातं ना, ते कोशिंबिरीसाठी नसतं, एक लुक कमी होतो म्हणून असतं.

अ‍ॅक्टिंगचा सगळ्यात जास्त उपयोग मात्र रडण्याच्या सीनला होतो. सेटवर पद्धत अशी की मोठ्या फ्रेमचं लाइट आधी, मग जवळ जवळ जायचं, म्हणजे लाइट पुन्हा पुन्हा हलवावं लागत नाही. वेळेच्या हिशोबानं बरोबरच आहे ते. पण जी बाई रडणार आहे ती मास्टरला रडते, सजेशनला रडते, समोरच्याच्या क्लोजला क्यू देताना, म्हणजे कॅमेऱ्याबाहेरून आपली ओळ म्हणताना पण रडते, कारण ती चांगली आर्टिस्ट आहे, आणि तिचा स्वतःचा क्लोज लागतो तेव्हा आत काही उरलेलं नसतं, मग ग्लिसरीन. त्या रडणाऱ्या बाईच्या जागी मी बसलेय कितीतरी वेळा. म्हणून मी तिचा क्लोज पहिला घेते. लाइट दादा वैतागतात, "ताई, उलटं होतंय सगळं, डबल टाइम जाणार." जातोच. मग मी तिथल्या तिथं ट्रॉलीचा, म्हणजे कॅमेरा चाकांवर सरकवून घ्यायचा शॉट काटते आणि मास्टर छोटा करते. एका सीनियर बाईंनी असा क्लोज दिल्यावर मला फक्त "आधी घेतलास ते बरं केलंस" म्हणलं आणि चहाला गेल्या.

आता कुणाला वाटत असेल डिरेक्टर म्हणजे राजा, तर तसं काही नाही. स्टोरी माझ्या हातात नसते. ती चॅनेल, लेखक, क्रिएटिव्ह यांच्यात ठरते, गुरुवारी टीआरपी येतो आणि मेलेला माणूस परत येऊ शकतो. सकाळी सेटवर पहिलं वाक्य "सीन आला का" हे असतं, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर गरमागरम येतो, लाइट लागेपर्यंत वाचायचा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती काढल्या की साधारण 22 मिनिटं उरतात, तेवढा माल आम्हाला जवळपास रोज काढायचा असतो. सिनेमावाले याला हसतात. हसू देत. पण तेवढ्यात कोण दारातून आत येताना थबकलं, कुणी मान वर न करता उत्तर दिलं, हे माझं असतं, आणि तेवढं मला पुरतं. धाकटी जाऊ असताना ते पण दुसरंच कुणीतरी ठरवायचं.

दिसायची हौस गेली का म्हणाल, तर पूर्ण नाही गेली. आईला अजून वाईट वाटतं. डिरेक्टरचं नाव येतं तेव्हा लोक रिमोट शोधत असतात, त्यामुळं तिचा बाजारातला भाव जरा उतरलाय, आणि ती मला अधूनमधून सुचवते, तू पण एखाद्या सीनमध्ये भाजीवाली म्हणून जाऊन ये की, कुणाला कळणारे.

आणि परत अ‍ॅक्टिंग करणार का, हा त्याच्या पुढचा प्रश्न. करीन की. आईचा रोल पण करीन, फक्त पोरगं शाळेत जाणारं तरी द्या. आणि तारखा जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसातल्या नकोत, नंदीध्वजाची मिरवणूक मी चुकवत नाही.