आधी मर्यादा, मग काटकसर

मल्टिकास्ट राउटिंगवर, म्हणजे एका स्रोताकडून अनेकांपर्यंत जाणारे मार्ग ठरवण्यावर, काम करताना माझं एक मत पक्कं झालंय: विलंबाची अट (प्रत्येकाला ठरलेल्या वेळेत पोचणं) पाळणारा ट्री, म्हणजे स्रोतापासून फांद्यांसारखे फुटणारे मार्ग, आधी हातात घ्यावा, खर्चाचं नंतर बघावं.

एका स्रोताकडून अनेकांना व्हिडिओ पाठवायचा, तर पॅकेट एकत्र नेता येईल तिथपर्यंत न्यायचं आणि फाट्यावर त्याच्या प्रती काढायच्या. यासाठी सर्वांत स्वस्त ट्री शोधणं म्हणजे स्टायनर ट्रीचा प्रश्न. कार्पच्या १९७२ सालच्या २१ एनपी-कंप्लीट प्रश्नांत तो आहे, म्हणजे जाळं मोठं झालं की अचूक उत्तर झटपट काढण्याची रीत कुणाला माहीत नाही. म्हणून ह्युरिस्टिक, म्हणजे पटकन बऱ्यापैकी उत्तर देणारी पद्धत. कू, मार्कोव्स्की आणि बर्मन यांचं १९८१ मधलं केएमबी नावाचं ह्युरिस्टिक मला फार आवडतं: त्याच्या ट्रीचा खर्च सर्वोत्तमाच्या दुप्पट कधीच होत नाही. पण ही हमी फक्त खर्चाची. विलंबाबद्दल ते काहीच बोलत नाही.

फरक कळायला मी कागदावर छोटं जाळं मांडतो. स्रोत 'स', श्रोते 'क' आणि 'ख', मधला राउटर 'म'. स-क लिंकचा खर्च ८, विलंब ४. स-ख ९ आणि ५. स-म ३ आणि ६. म-क २ आणि ३. म-ख २ आणि ५. विलंबाची मर्यादा १०. सगळं 'म'वरून नेलं तर खर्च फक्त ७, पण 'ख'ला पोचायला ११ लागतात. म्हणजे हा ट्री बाद.

झू, पार्सा आणि गार्सिया-लूना-अ‍ॅसेव्हेस यांचं बीएसएमए हे ह्युरिस्टिक उलट टोकाकडून निघतं. सुरुवात सर्वांत कमी विलंबाच्या ट्रीने: दोघांना थेट लिंक, खर्च १७. मग सगळ्यांत महाग तुकडा काढून स्वस्त पर्याय शोधायचा. स-ख काढून बघितलं तर प्रत्येक पर्याय मर्यादा मोडतो, म्हणून ती राहते. स-क ऐवजी स-म-क घेतलं तर विलंब ९ आणि एकूण खर्च १४. याहून स्वस्त ट्री या जाळ्यात, या मर्यादेत नाहीच.

बीएसएमए संथ आहे, हे खरं. प्रत्येक अदलाबदलीसाठी अनेक लघुतम मार्ग काढावे लागतात आणि नोड वाढले की ते जाणवतं. तरी मधेच थांबवलं तरी हातातला ट्री वापरण्याजोगाच असतो, आणि माझ्या लेखी हीच सगळ्यांत मोठी गोष्ट. जेनेटिक अल्गोरिदममध्ये (यात अनेक ट्रींची मिसळ करून पिढ्यान्‌पिढ्या चांगले ट्री निवडत जातात) अट मोडणाऱ्या ट्रीला बहुतेक वेळा नुसता दंड लावतात. मर्यादा घट्ट असली की अख्खी पिढी बाद ट्रींची निघू शकते, आणि वेळ संपतो तेव्हा श्रोत्याला द्यायला काहीच नसतं.

आता मी श्रोते मधेच येण्या-जाण्याच्या प्रश्नावर आहे. नवा माणूस आला की त्याला मर्यादेत बसेल अशा जवळच्या फांदीला जोडतो आणि अदलाबदल फक्त त्या फांदीपुरती करतो. बाकीच्यांचे मार्ग हलवत नाही.