रातकिडा नेमका कुठेय?

घराचं रंगकाम काढलेलं, पडदे धुवायला, सोफा-गाद्या-कपाटं सगळं बेडरूममध्ये कोंबलेलं, हॉलमध्ये नुसती फरशी आणि चार भिंती. आणि नेमका त्याच रात्री कुठूनतरी रातकिडा आत शिरला. एक वाजता किर्रर्र सुरू. मी म्हणते टीव्हीच्या पॉइंटपाशी आहे, नवरा म्हणतो छे गं, खिडकीच्या चॅनलमध्ये, सासूबाई आतून ओरडल्या की तो मोरीत आहे, झोपा आता गुमान.

एरवी शिट्टी आपल्या कुकरची की शेजारच्या हे झोपेतही कळतं ना! दोन कानांत अंतर जेमतेम वीतभर, आवाज धावतो सेकंदाला साधारण 343 मीटर, म्हणजे एका कानाला उशीर होऊन होऊन किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, आणि तेवढ्यावर मेंदू दिशा सांगून मोकळा. भिंतीवर आपटून मागनं येणारे आवाज तो हिशोबात धरतच नाही, पहिला आला तो खरा. हेल्मुट हास म्हणून एका जर्मन माणसाने 1949 साली यावर पीएचडी केलीय, आमच्याकडे एक रात्र काढली असती तर एक चॅप्टर वाढला असता.

कारण किर्रर्र सलग चालू, त्यात पहिला कुठला नि आपटून आलेला कुठला? वर सूर चार-पाच हजार हर्ट्झचा, लाट सात-आठ सेंटिमीटरची, दोन कानांतल्या अंतरापेक्षा आखूड, त्यामुळे कुठल्या कानात आधी आली हेही धड लागत नाही. इतक्या बारीक आवाजाला डोकं आड येतं, पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतं, निदान त्यावरून तरी कळायला हवं, पण ती कसर समोरच्या कोऱ्या भिंतीने भरून काढली. जवळ जावं तर पठ्ठ्या गप्प.

शेवटी नवऱ्याने दोन गाद्या ओढत आणून भिंतीला टेकवल्या. मला वाटलं रागाने झोपतोय इथेच. पण हॉलचा तो घुमणारा पोकळपणा एकदम बसला. लाइट बंद करून फरशीवर श्वास रोखून बसलो, तो परत सुरू होईल त्या पहिल्या क्षणाची वाट बघत.

किर्र...

दोघांची बोटं एकाच दिशेला. डिस्टेंपरच्या बादलीमागे, ब्रश पुसायच्या फडक्यात.

फडकं तसंच उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. पाचच मिनिटांत समोरच्या विंगमध्ये एक लाइट लागला.