खांबाखालचे उलटे डोके

“म्हणजे हे डोकेसुद्धा या बायझंटाइन लोकांचे स्वतःचे नाही?” इस्तंबूलच्या बॅसिलिका सिस्टर्न या भूमिगत जलाशयात, खांबाखाली उलट्या बसवलेल्या मेदुसाच्या (ग्रीक पुराणकथेतील, केसांच्या जागी साप असलेल्या स्त्रीच्या) शिरासमोर आमच्या गटातील एका काकूंनी आज विचारले, आणि तो प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही.

ते शिर कुठल्याशा जुन्या रोमन वास्तूतून आणलेले. सहाव्या शतकात बायझंटाइन, म्हणजेच पूर्व रोमन, सम्राट जस्टिनियनने बांधवलेल्या या जलाशयाच्या ३३६ खांबांपैकी पुष्कळसे असेच गोळा केलेले आहेत. जवळच हिप्पोड्रोमच्या, म्हणजे रथशर्यतींच्या जुन्या मैदानाच्या, जागी उभा असलेला सर्पस्तंभ तर ग्रीकांनी इ.स.पू. ४७९ मध्ये प्लातिआच्या लढाईत इराण्यांवर मिळवलेल्या विजयानंतर ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानाला अर्पण केलेला. तो रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने येथे आणवला.

इ.स. ३३० मध्ये त्याने येथे राजधानी थाटली ती तिन्ही बाजूंचे पाणी आणि काळ्या समुद्राची वाट पाहून. गंमत म्हणजे पाण्याने वेढलेल्या या नगरीत पिण्याचे पाणीच अपुरे होते, म्हणून तर हा जलाशय! भाषेचेही तसेच: जस्टिनियनने कायद्याचा संग्रह लॅटिनमध्ये करवला, पण पुढचे बहुतेक कायदे ग्रीकमध्ये काढले, कारण लोक ग्रीक बोलत.

काकूंना मी तेव्हा नुसते “नाही” म्हणालो. पण सुमारे दीड हजार वर्षे ज्या डोक्याने यांचा खांब पेलला, ते अजूनही दुसऱ्याचेच म्हणायचे का?