रविवारी भोक पाडायचं नाही

मुंबईत गॅरेज म्हटलं की स्कूटर दुरुस्तीचं दुकान डोळ्यांपुढे येतं. भिंतीवर ओळीने टांगलेल्या करवती, खाली लांबरुंद बाक आणि शेजारी मोटार, असलं गॅरेज फक्त परदेशी व्हिडिओत बघायचं. इथलं वर्कशॉप शनिवारी चारला गॅलरीत उघडतं आणि रविवारी संध्याकाळी दोरीवर कपडे पडायच्या आत मिटतं. त्यात सोसायटीचा फलक: दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, रविवारी तर दिवसभर बंद. हौशी सुताराला सुट्टी रविवारची आणि बंदीही रविवारचीच.

म्हणून इथे कामाची वाटणी आवाजावरून होते. भोकं शनिवारी, काचपेपर आणि पॉलिश रविवारी. साधी तीन फुटी पुस्तकांची फळी घ्या. तेवढ्यातही दोन्ही दिवस पुरतात.

सगळा खेळ भिंतीचा आहे. ड्रिलच्या तोंडातून येणारा भुगा बघत राहिलं की भिंत स्वतःच ओळख सांगते. आधी प्लास्टरचा करडा भुगा, अर्धा-पाऊण इंच. मग लाल भुकटी आली तर वीट, म्हणजे नशीब चांगलं. करडाच येत राहिला, बिट पुढे सरकेना आणि हाताला झिणझिण्या आल्या तर खाली काँक्रीटचा कॉलम नाहीतर बीम आहे. तिथे हॅमर मोड लावून धीर धरायचा. मध्येच टणकन आवाज होऊन बिट थबकलं तर ती सळई. तिच्याशी भांडू नये, इंचभर बाजूला सरकावं. पांढुरका, पिठासारखा भुगा झरझर गळायला लागला तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. तिथे हॅमर बंद, नाहीतर सहा एमएमचं भोक बघता बघता नवाचं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी, आत गरागरा फिरत बसते. या ब्लॉकसाठी लांब, रुंद दात्यांची वेगळी गिट्टी मिळते, तीच मागावी. जुन्या चाळीत चुन्याचं प्लास्टर ढेकळासारखं सुटतं. तिथे भिंतीतला लाकडी खांब सापडला तर गिट्टी लागतच नाही. बारीक भोक पाडून स्क्रू थेट सागवानात पिळावा.

सर्वांत जास्त फळ्या पडतात त्या प्लास्टरच्या भरवशावर राहिल्यामुळे. सहा एमएमची छोटी गिट्टी आणि दीड इंची स्क्रू घेतला, तर निम्मी पकड प्लास्टरमध्येच जाते, आणि प्लास्टर काही धरून ठेवत नाही. तीन फूट पुस्तकांचं वजन पंचवीस-तीस किलो सहज भरतं. त्याला आठ एमएमचं बिट, आठची गिट्टी आणि दोन इंची दहा नंबरचा स्क्रू. बिटवर टेपची पट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी आणि भोक गिट्टीपेक्षा दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त खोल घ्यावं, कारण तळाशी भुगा उरतोच. भोकाखाली कागदाचा द्रोण टेपने चिकटवला की झाडू लागत नाही आणि घरच्यांचा निम्मा विरोध मावळतो. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन्ही अंगांना मात्र ड्रिल लावूच नये. आतल्या वायरींचे पाइप त्याच रेषांत धावतात. पलीकडे न्हाणीघर असेल तर पाण्याचे पाइप कुठून गेलेत तेही आधी विचारून घ्यावं.

फळी पेलणाऱ्या काटकोनी ब्रॅकेटची दोन पाती सारखी नसतील तर लांब पातं भिंतीला. लोक हमखास उलटं लावतात, कारण फळी रुंद असते आणि लांब पातं तिच्याखाली शोभून दिसतं. पण भार आला की वरचा स्क्रू भिंतीतून उपटायला बघतो, आणि भिंतीवरचं पातं जितकं लांब तितकी ही ओढ कमी. ब्रॅकेट अगदी टोकाला लावू नयेत. छत्तीस इंची फळीला दोन्ही टोकांपासून आठ-आठ इंच आत घेतले की मधला झोल जवळजवळ नाहीसा होतो. एका ब्रॅकेटचा वरचा स्क्रू अर्धवट पिळायचा, फळी टेकवायची, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचा, मगच बाकीच्या खुणा. बीम अगदी जवळ असेल तर तो स्वतःच सुतभर तिरका असल्याचं लक्षात येतं आणि बिनचूक फळी वाकडी दिसायला लागते. अशा वेळी बुडबुड्याला थोडं दुखवून बीमचं मन राखावं. सुतारही तेच करतात, फक्त बोलत नाहीत.

प्लाय अठरा एमएमचा. आठ बाय चार फुटांची अख्खी शीट लिफ्टमध्ये मावत नाही, तेव्हा दुकानातच कापून घ्यावी. वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीत धावताहेत ना, ते कापण्याआधी बघावं. आडवे आले तर फळी लवकर वाकते. पुढच्या कडेखाली दीड इंच उंचीची लाकडी पट्टी फेव्हिकॉलने चिकटवली की फळी एकदम ताठ होते. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, आणि ही उभी पट्टी त्याच हिशेबावर काम करते. क्लॅम्प नसतील तर सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळावी. रात्रभर हात लावू नये.

मग रविवार. एकशेवीसचा काचपेपर, नंतर दोनशेवीसचा, दोन्ही रेषांच्या दिशेने. एक लिटर स्पिरिटला साधारण अडीचशे ग्रॅम चपडा लाख आदल्या रात्री भिजत घालायची, सकाळी मलमलीतून गाळायची आणि पातळ पातळ हात द्यायचे. खिडक्या उघड्या, गॅस बंद. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं. दुसऱ्यानंतर रेषे वर उठतात, तेव्हा पुन्हा हलका काचपेपर. तिसऱ्यापासून चमक यायला लागते. जुलैत मात्र हा उद्योग करू नये. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं. तसं झालंच तर खरवडायची घाई नको. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवला की बहुतेक वेळा ते डाग निवळतात.

कापून उरलेला सात इंची तुकडा कोणी टाकत नाही. तो पलंगाखाली जातो, आधीच्या चार तुकड्यांच्या शेजारी.