मणक्यातलं सिमेंट फुप्फुसात गेलं तेव्हा

आमच्या यांचा दमा जुना. वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन हाडं ठिसूळ झाली होती, पण ते कळलं मणका दबला तेव्हाच. लालबागच्या घरात पाण्याची बादली उचलताना कळ आली आणि मग कूसही बदलता येईना. पट्टा झाला, गोळ्या झाल्या, फरक नाही. शेवटी सर्जननी व्हर्टिब्रोप्लास्टी सुचवली. एक्स-रेच्या पडद्यावर बघत जाड सुईने दबलेल्या मणक्यात हाडांचं सिमेंट भरतात. १९८४ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली पद्धत आहे, घाबरू नका, असं ते म्हणाले. पाठीला गुण आला, हे मी मनापासून सांगते. दुसऱ्या दिवशी हे आधाराशिवाय बाथरूमपर्यंत गेले.

दम लागायला लागला तो घरी आल्यावर. ऑपरेशन केलं तिथे फोन केला, तर उत्तर मिळालं, "दमा आहेच ना त्यांना, पंप वाढवा." पण यांचा दमा मी रात्ररात्र उशाशी बसून ऐकलाय. त्यात छाती सूं सूं वाजते. आता छाती अजिबात वाजत नव्हती, पंपाने ढिम्म फरक पडत नव्हता, आणि खोल श्वास घेतला की बरगडीखाली टोचत होतं. ऑक्सिमीटर ९१ दाखवत होता. मी टॅक्सी केली आणि यांना परळला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी साधा एक्स-रे काढायला लावला आणि विचारलं, आधीचा आहे का? ऑपरेशनच्या फिटनेससाठी काढलेला फाइलमध्ये होता. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. नव्या फिल्मवर उजव्या फुप्फुसात पांढऱ्याशुभ्र, फाटे फुटलेल्या बारीक रेघा होत्या, जुनीवर काहीच नव्हतं. भरताना पडद्यावर दिसावं म्हणून सिमेंटमध्ये बेरियम घालतात, त्यामुळेच ते इथेही उठून दिसलं. मग सीटी, तोही आधी डाय (शिरेतून सोडायचं रंगद्रव्य) न देता, कारण डायसुद्धा पांढराच दिसतो आणि त्यात या रेघा हरवू शकतात. टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण दिसला नाही, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. भरताना सिमेंट पातळसर असतं, घट्ट व्हायला काही मिनिटं जातात. मणक्याभोवती शिरांचं जाळं असतं. तेवढ्यात थोडं जरी शिरेत शिरलं, तर रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसात जाऊन बसतं. बऱ्याच पेशंटना काहीच त्रास होत नाही, भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत ते सापडतं, आणि मग नुसतं लक्ष ठेवतात. यांना त्रास होता म्हणून औषध. "औषधाने सिमेंट विरघळणार नाही. त्याच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मोठा तुकडा हृदयात अडकला असता तर काढण्याचा विचार करावा लागला असता.

सुरुवातीला पोटावर इंजेक्शनं, मग गोळी. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, २ ते ३ मध्ये राहायला हवा, म्हणून वरचेवर रक्त तपासणी. पालेभाज्यांमुळे या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो. मेथी-पालक बंद करायची नव्हती, पण एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं चालत नाही. दुखण्यावरची गोळी केमिस्टकडून परस्पर आणायची नाही, ही ताकीद मी घरात सगळ्यांना दिली. यांचे भाऊ प्रेमाने काढे घेऊन आले, तेही हात जोडून परत पाठवले.

मणक्यात सिमेंट भरल्यावर कोणाला नव्याने धाप लागली, तर त्याच दिवशी छातीचा एक्स-रे मागून घ्या. दमा, वय, घाबरटपणा ही कारणं त्यानंतर ऐका.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी गोळी थांबवली. हे आता जिना न थांबता चढतात. हाडांसाठी वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड शिरेतून देतात. रेघा मात्र कायमच्या. पुढे कोणी नवीन डॉक्टर एक्स-रे बघून चक्रावू नये म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर डॉक्टरांकडून तसं लिहून घेतलंय, आणि सीटीच्या सीडीची एक प्रत मुलीकडे ठेवलीय.