आयर्विनचं पाणी आणि पाच स्क्रीनशॉट

मंडळी, पाणीपातळीच्या नोंदवहीचं ॲप एकदाचं चालायला लागलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी फूट-इंचात लिहायची, जोडीला पाऊस लिहायचा, की आलेख तयार. नोंद आपणच करायची, ॲप स्वतःहून कुठून काही आणत नाही. कोडनं घेतला नाही एवढा वेळ प्ले स्टोअरच्या स्क्रीनशॉटनी खाल्ला, म्हणून आजची नोंद फक्त त्यांचीच.

पहिल्या रविवारी फोनवर सहा स्क्रीनशॉट काढले आणि तसेच चढवले. सगळे परत! फोन १०८० बाय २४००चा, आणि प्ले कन्सोलला (ॲप स्टोअरवर चढवायचं गुगलचं पान) लांब बाजू आखूड बाजूच्या दुपटीहून जास्त चालत नाही. म्हणजे माझी हद्द २१६०. हल्लीचे बरेच फोन असेच लांबुडके, तेव्हा ही ठेच तुम्हालाही लागणार. शेवटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये १०८० बाय १९२०चा कोरा कागद घेतला, वर दोन ओळी लिहिल्या आणि खाली स्क्रीनशॉट लहान करून बसवला. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजीही तिथं चालत नाही, म्हणून सरळ जेपीईजी केले.

मग लक्षात आलं की सहाही चित्रांत वर बॅटरी ११ टक्के आणि शेजारी दोन मिस्ड कॉल. फोनच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधला डेमो मोड लावला की घड्याळ, रेंज, बॅटरी सगळं नीटनेटकं दिसतं. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतोय.

वरच्या ओळींवर मात्र तीन संध्याकाळी गेल्या. आधी लिहिलं होतं ‘सोपा आणि आकर्षक इंटरफेस’. वाचून माझं मलाच हसू आलं. पुलावर उभा राहून कुणी इंटरफेस विचारत नाही. विचारतात, ‘रात्रीत किती चढलं?’ तीच ओळ घेतली. ‘बेस्ट’, ‘नंबर वन’, ‘आत्ताच डाउनलोड करा’ असलं काही गुगलला चित्रात नकोच असतं, आणि लिहिलेला मजकूर चित्राच्या २० टक्क्यांत बसवा असंही ते सांगतात. मुक्ता फाँट वापरला. ओळींतलं अंतर कमी ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, तेव्हा इंग्रजीपेक्षा सढळ जागा सोडा. आणि चित्र अंगठ्याएवढं करून बघा. माझं ‘पातळी’ तेवढ्या आकारात ‘पाताळी’ वाचलं गेलं, तेही बाबांनी, चष्मा लावून. अक्षर जाड केलं, शब्द निम्मे केले.

आता मुख्य प्रकरण. आलेख उठून दिसावा म्हणून मी नमुन्याचे आकडे घातले होते: चढती रेघ, ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून, ४५ची धोका पातळी ओलांडून थेट ४६. लाल रंग झकास दिसत होता. ‘अक्षरं दिसतात का बघा’ म्हणून चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं. चुलतभावानं ‘नमुना’ लिहिलेला खालचा भाग कापून पुढं ढकललं. तासाभरात गावभागातल्या आत्याचा फोन.

“आरं, पानी ४६वर गेलंय म्हनं? गव्हाचं पिंप माडीवर चढवलं बघ आम्ही!”

“आत्या, ते खोटं आहे. म्हणजे, नमुना आहे. आज १८ फूट आहे.”

“मग ४६ कशाला लिहिलंस?”

उत्तर नव्हतं माझ्याकडे. २०१९ला ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी जिनं पाहिलंय, ती ४६ ऐकून फाँट बघत बसणार नाही.

सगळं पुन्हा केलं. खरे १८ फूट लावून पाहिले, तर ५० फुटांच्या आलेखात रेघ तळाशी मेल्यासारखी पडते. २०१९चेच आकडे घ्या, लोक थांबून बघतील, असं एका मित्रानं सुचवलं. खरंच थांबतील, पण ज्या पाण्यात लोकांचे संसार गेले ते जाहिरातीला लावायचं मला जमेना. शेवटी उतरतं पाणी घेतलं: ३८वरून आठवडाभरात २४. रेघ वरून खाली येते, जागा भरते, इशारा पातळीची रेषाही दिसते, आणि बघून कुणी पिंप उचलत नाही. ‘नमुना’ हा शब्द रेघेवरूनच तिरका टाकलाय, कोपऱ्यात नाही. कापायला गेलं तर आलेखही कापला जाईल. हेच चित्र पहिलं ठेवलं. ही खासगी नोंदवही आहे, सरकारी इशारा नव्हे, हे वर्णनात पहिल्याच ओळीत घातलं.

स्क्रीनशॉट किमान दोन लागतात, आठपर्यंत चालतात. मी पाचांवर थांबलो. सहावा सेटिंग्जचा होता, तो कोण बघणार? स्टोअरवरच्या ॲपच्या मराठी आणि इंग्रजी पानांसाठी वेगवेगळे संच केलेत. कोणतं चित्र बघून जास्त लोक ॲप घेतात, अशी दोन चित्रांची तुलना करायची सोय कन्सोलमध्ये आहे, पण माझ्याकडे येणारी माणसं आत्ता बोटावर मोजण्याइतकी, तेव्हा ते राहू दे.

बाकी आहे टॅबलेटचा संच. आणि आत्याचं पिंप. ते अजून माडीवरच आहे. श्रावण संपेपर्यंत खाली आणणार नाही म्हणते.