कोऱ्या कन्सेन्ट फॉर्मवर मी सही केली नाही

गर्भाशयात 7 सेंटीमीटरचा फायब्रॉइड, म्हणजे गाठ, होती. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, इन्शुरन्सची मंजुरी, सगळं आठवड्याभरात उरकलं. गाडी अडली ती ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, सात वाजता.

सिस्टर फाइल घेऊन आल्या. "मिस्टर कुठायत? सही हवीय." नवरा खाली औषधं आणायला गेला होता. मी म्हटलं, "ऑपरेशन माझं आहे, मी करते." "तुमची पण लागेलच, आधी त्यांची."

फॉर्म हातात घेतला. ऑपरेशनचं नाव कोरं, सर्जनचं नाव कोरं, धोक्यांची जागा कोरी. छापलेलं एवढंच, की गरज वाटल्यास इतर कोणतीही शस्त्रक्रिया करायला माझी संमती आहे. ओपीडीत ठरलं होतं फक्त गाठ काढायचं. मी 38 वर्षांची, मला गर्भाशय हवं होतं. त्या ओळीने मला घाम फुटला.

"सगळ्या जणी करतात हो, आम्ही नंतर भरतो." मी नाही केली. मग इन्चार्ज सिस्टर आल्या, मग निवासी डॉक्टर. "आमच्यावर विश्वास नाही का?" हे फार लागलं. विश्वास होता म्हणूनच तर पोट उघडायला यांच्याकडे आले होते! नवरा आल्यावर त्याला बाजूला घेऊन "तुम्ही समजवा" असंही झालं. तो माझ्या बाजूने उभा राहिला, हे इथे सांगायलाच हवं.

मधल्या वेळात वकील मैत्रिणीला फोन केला. तिने समीरा कोहली खटला सांगितला. तपासणीच्या लॅपरोस्कोपीसाठी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघण्यासाठी, भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईची संमती घेऊन काढलं होतं. 2008 साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, सज्ञान पेशंट तात्पुरती बेशुद्ध असताना दुसऱ्याची संमती चालत नाही. जीव किंवा प्रकृती वाचवायला थांबणं शक्यच नसेल तर गोष्ट वेगळी. नवऱ्याच्या सहीची सवय बहुधा मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमातून आली असावी. त्यात ऑपरेशनआधी कुणाची लेखी संमती घ्यायची हे सांगताना नवरा किंवा बायको, अज्ञान मुलाचे पालक आणि स्वतः पेशंट, सगळे एकाच वाक्यात आहेत.

सव्वादहाला सर्जन मॅडम आल्या. स्टूल ओढून बसल्या, कागदावर चित्र काढलं. रक्तस्राव होऊ शकतो, रक्त चढवावं लागेल, गाठी पुन्हा होऊ शकतात, पुढे बाळंतपणात सिझेरियन लागू शकतं. रक्त थांबलंच नाही तर क्वचित गर्भाशय काढावं लागतं. पंधरा मिनिटं लागली. हीच पंधरा मिनिटं आधी मिळाली असती तर तीन तास कुणालाच त्रास झाला नसता.

ती छापील ओळ मी खोडली आणि लिहिलं: 'फक्त गाठ काढावी. जिवाला धोका असेल तरच गर्भाशय.' खाली माझी सही, त्यांची सही. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं.

भुलेचा फॉर्म वेगळा असतो, तोही वाचा. खरं तर दोन्ही फॉर्म ओपीडीतच मागून घरी न्या, मराठीत नसतील तर मराठीत मागा. गुंगीचं औषध दिल्यावर सही करू नका. नंतर रेकॉर्ड मागितलं तर मेडिकल कौन्सिलच्या त्याच 2002 च्या नियमांप्रमाणे 72 तासांत द्यायला हवं.

मी मागितलं. माझ्या फॉर्मवर संमतीची वेळ लिहिली होती संध्याकाळी 6. तेव्हा तो फॉर्म मी पाहिलाही नव्हता. सहीखाली वेळ स्वतःच्या हाताने घाला.